खालच्या यंत्राला डिस्क नव्हती

दादा गेले. सगळं आटपलं, आलेली माणसं आपापल्या घरी परतली, आणि मग एका सकाळी वहिनी जिना चढून वर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, खालच्या त्या यंत्राचं काय करायचं? मुलगी मला न्यायला येतेय. घराला कुलूप लागणार, आणि ते मेलं अजून चालूच आहे."

"चालू आहे?" धाकट्याच्या हातातला पेपर खाली आला.

"यांनी बंदच करू दिलं नाही. लाइट गेली की बॅटरीवर चालायचं. झाडता झाडता मी एकदा बटणाला हात लावला, तर केवढ्यानं ओरडले! उभ्या जन्मात माझ्यावर असे ओरडले नव्हते."

धाकट्यानं नुसतं "येतो" म्हटलं. वहिनी गेल्यावर त्यानं कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे त्याचं स्वतःचं यंत्र होतं, आणि त्यावर फुलाफुलांची चादर घातलेली होती. उन्हाळ्यात घातलेली चादर आता थंडी पडायला लागली तरी तशीच होती.

आता धाकटा म्हणजे काही पोर नव्हे बरं का. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, लग्न न केलेला, वरच्या मजल्यावर एकटाच राहणारा माणूस. पण दादांचा धाकटा भाऊ, म्हणून घरात धाकटा, कचेरीत धाकटा, निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं त्यातही 'आपले धाकटे'. या नावाचा त्याला जन्मभर राग. राग तसा त्याला पुष्कळ गोष्टींचा होता, नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असायचा. फक्त तो तोंडातून बाहेर पडत नसे, हीच सगळी गोची. चारचौघांसारखा ओरडून मोकळा झाला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

दोघा भावांनी नकाशे छापणाऱ्या एका कचेरीत, यंत्रांच्या खोलीत, हयात घालवली. दादा खोलीचे प्रमुख. धाकट्याला चिकटवला तो दादांनीच. ती युनिक्सवर चालणारी जुनी वर्कस्टेशनं, टेबलाएवढ्या पडद्याची, उचलताना कंबर धरेल अशी, कचेरीनं भंगारात काढली, तेव्हा दोघांनी एकेक घरी आणलं. वहिनींनी कपाळाला हात लावला. "लोक निवृत्त झाले की जग बघायला निघतात. आमच्याकडे भंगार आलं!"

दादांच्या वाट्याला आलेल्या यंत्राची डिस्क केव्हाच मेली होती. मग दोघांनी डोकं चालवलं. छताला भोक पाडलं, वरून खाली केबल सोडली, आणि धाकट्याचं यंत्र झालं सर्व्हर. खालचं यंत्र सुरू झालं की केबलीतून वर हाक मारायचं, आणि सगळं वरून मागून घ्यायचं, अगदी स्वतःचं नावसुद्धा. नावं दादांनी ठेवली होती: वरचं 'माळा', खालचं 'तळ'. माळा चालू असेल तर तळ चालू. माळा थांबला की तळ जागच्या जागी थिजायचं आणि 'सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे' अशी इंग्रजीतली ओळ पडद्यावर टाकून वाट बघत बसायचं. कितीही वेळ. त्याला कंटाळा येणं ठाऊकच नव्हतं.

पहिली वर्षं काय मजेत गेली म्हणून सांगू! पंख्यांना तेल, वीजपुरवठ्याच्या पट्टीवरचे गळके कपॅसिटर काढून नवे बसवणं, घड्याळाच्या चिपमधली बॅटरी संपली तर कानशीनं चिप घासून तिला बाहेरून गोळीएवढी नवी बॅटरी जोडणं. धाकटा डाग द्यायचा, दादा टॉर्च धरायचे. जेवण खालीच. वहिनी म्हणायच्या, "तुमच्या दोघांच्यात मीच परकी."

पण एक गोष्ट बदलली होती, आणि ती धाकट्याला आतून गुदगुल्या करत होती. कचेरीत रूटचा पासवर्ड दादांकडे असायचा. रूट म्हणजे यंत्राचा मालक. तो म्हणेल ती पूर्व दिशा. घरी सर्व्हर धाकट्याचा, म्हणून रूट धाकटा, आणि दादा साधे वापरकर्ते. जन्मभर ज्यांच्या हाताखाली काढली, ते आता याच्या हाताखाली.

आणि दादांचा पसारा तरी केवढा! काही म्हणून पुसायचे नाहीत. एकाच फायलीच्या चार-चार प्रती: 'जुनी', 'जुनीच्या-आधीची', 'शेवटची', 'खरंच-शेवटची'. डिस्क भरत आली. सांगायचं होतं सरळ जाऊन, "दादा, जरा आवरा." ते सोडून या पठ्ठ्यानं सख्ख्या थोरल्या भावावर कोटा बसवला. एवढी जागा तुमची, याच्या वर एक अक्षर नाही. कचेरीत नव्या पोरांवर बसवतात तसा.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी धाकटा बाजारातून पिशवी घेऊन आला, तर पडद्यावर काहीतरी वेगळं दिसलं. जाताना हा रूट म्हणून यंत्र उघडंच ठेवून गेला होता. हा नसताना दादा वर आले होते, याच्याच खुर्चीत बसून त्यांनी कोटा काढून टाकला होता, आणि निवांतपणे खाली जाऊन आपल्या कामाला लागले होते.

धाकट्याच्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, माझ्या नावानं? विचारलंदेखील नाही? इथंही साहेब तेच?

पिशवी खाली ठेवण्याआधी त्यानं हात मागे घातला आणि यंत्राचं बटण बंद केलं.

आता इथं एक सांगायला हवं. त्यांच्या धंद्यात हे पाप होतं. सर्व्हर बंद करायचा तर आधी सगळ्यांना निरोप टाकायचा: पाच मिनिटांत बंद होतंय, आवरून घ्या. धाकटा नोकरीत नवा असताना एकदा विसरला होता, आणि एका म्हाताऱ्या नकाशाकाराचं दिवसभराचं काम पाण्यात गेलं होतं. दादांनी त्याला प्रत्येक टेबलापाशी नेऊन माफी मागायला लावली होती. "सांगितल्याशिवाय बंद करायचं नाही," दादा म्हणाले होते. "पलीकडे कुणीतरी काम करत असतं." तेव्हापासून धाकट्यानं कधी, अगदी चुकूनसुद्धा, न सांगता यंत्र बंद केलं नव्हतं. दादांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण शिकवण त्यांचीच.

बटण बंद करून हा खुर्चीत बसला आणि जिन्याकडे कान लावला. आत्ता येतील. तणतणत येतील. मग आपणही बोलू, तीस वर्षांचं सगळं बोलून टाकू.

दादा आले नाहीत. त्या दिवशी नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत. धाकट्यानं यंत्रावर चादर घातली आणि ठरवून टाकलं: यांना पडलेलीच नाही. कशाला येतील? साहेब कधी आपण होऊन खाली उतरलाय? म्हणजे इथे चढायचं होतं, पण रागाच्या भरात माणूस दिशा कुठे बघतो!

त्यानं खाली जेवायला जाणं सोडलं. वहिनी डबा पाठवायच्या, कधी स्वतः आणून द्यायच्या. हा घासूनपुसून परत करायचा, पण पायरी उतरून आत जायचा नाही. जिन्यात एकदा दादांची गाठ पडली. दादा याच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "घाई नको करूस रे. सावकाश होऊ दे. माझं काही अडलेलं नाही."

माझं काही अडलेलं नाही! धाकट्याला ते चांगलंच लागलं. आणि पुढे पावसाळा सरला, हवा गार झाली, एका दुपारी वहिनींची हाक ऐकून धावत खाली गेला, तर दादा पलंगावर होते आणि बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून एकच प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसला होता. दादा एकदा तरी वर का आले नाहीत? रागावून का होईना, एकदा! नुसती पंधरा-वीस पायऱ्यांची तर गोष्ट. की खरंच काही वाटलं नाही त्यांना?

तो खाली आला. दादांची खोली जशीच्या तशी होती. चष्मा कीबोर्डच्या बाजूला, खुर्चीवर वहिनींनी शिवलेली उशी. पडदा उजळलेला. वर ती ओळ, सर्व्हर उत्तर देत नाही, आणि तिच्याखाली रिकामा काळा पडदा, तळाशी लुकलुकणारा कर्सर. धाकट्यानं ते पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. दादा त्या सकाळी जे करत होते ते या यंत्राच्या पोटात अजून तसंच अडकलेलं होतं. वीज गेली असती तर पुसलं गेलं असतं. दादांनी जाऊ दिली नव्हती.

"वहिनी, याला हात लावू नका," तो म्हणाला. "आधी वरचं सुरू करतो."

चादर काढली, बटण दाबलं. पंखा घरघरला, पडद्यावर अक्षरं आली, आणि गाडी अडली: डिस्क सापडत नाही. घ्या! वर्षानुवर्षं अखंड फिरलेली डिस्क. असली म्हातारी डिस्क फिरते तोवर फिरते. थांबवून महिनोन्‌महिने गार पडू दिली की आतली वाचणारी मुंडी फिरत्या तबकडीला चिकटून बसते. हे त्याला माहीत नव्हतं का? शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ होतं. पण तेव्हा डोकं ठिकाणावर कुठे होतं!

त्यानं स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली. वहिनी चहा घेऊन वर आल्या आणि स्टुलावर बसल्या. धाकट्यानं डिस्क दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली, मग आडवी धरून मनगटाला झटका दिला, घट्ट बरणीचं झाकण फिरवतात तसा. जोडली. काही नाही. पुन्हा काढली.

"दुरुस्त होईल ना?" वहिनींनी विचारलं.

"बघू."

"हे रोज म्हणायचे, धाकट्याचं चाललंय वर. डिस्क गेली असणार. पार्ट मिळत नसेल."

धाकट्याचे हात थांबले. "काय म्हणायचे?"

"हेच. मी म्हटलं, अहो, वर जाऊन बघून तरी या. तर म्हणे, छे छे, कुणी दुरुस्तीला बसलं असताना त्याच्या डोक्यावर जाऊन उभं राहायचं नाही. झालं की तो सांगेल."

हे वाक्य धाकट्यानं कचेरीत शंभरदा ऐकलेलं होतं. यंत्र बंद पडलं की वरचे साहेब खोलीत घुसायचे, अजून किती वेळ, अजून किती वेळ, आणि दादा त्यांना याच वाक्यानं बाहेर काढायचे. धाकटा आत स्क्रू फिरवत असायचा, आणि दादा दारात हात आडवे लावून उभे असायचे.

"त्यांना..." धाकटा डिस्ककडे बघत म्हणाला. "मी रागानं बंद केलं असेल असं नाही वाटलं कधी?"

"मीच म्हटलं होतं एकदा तसं. तर माझ्यावरच उखडले. म्हणे, माझा भाऊ सांगितल्याशिवाय यंत्र बंद करणार नाही. निरोप आलेला नाही, म्हणजे बिघाडच. त्याला मी शिकवलंय."

धाकट्यानं डिस्क मांडीवर ठेवली. याची चादर, याचं तोंड फुगवणं, याचा घासूनपुसून परत केलेला डबा, हे सगळं बाजूला ठेवून दादांनी एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला होता. आणि 'घाई नको करूस' म्हणाले होते ते चिडवायला नव्हे.

"बिघडलं नव्हतं वहिनी," तो म्हणाला. "मी बंद केलं होतं. मुद्दाम."

वहिनींनी पदरानं चहाच्या कपाची कड पुसली. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "डबा द्यायला यायची ना मी. दुरुस्तीच्या यंत्रावर इतकी धूळ बसत नाही."

"मग त्यांना का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? इतक्या कौतुकानं बोलायचे तुमच्याबद्दल. वाटलं, होईल तुमचं तुमचं. दोघांनाही वेळ आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "चुकलंच माझं. तुमचा तरी कान धरायला हवा होता."

दोघंही रडली नाहीत. रडायला दोघांनाही एकमेकांची लाज वाटली.

मग धाकट्यानं पुन्हा डिस्क उचलली. या वेळी झटका देताना त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता कोण जाणे. जोडली, बटण दाबलं, कान लावला. आधी नुसती टकटक. मग खोलवरून एक बारीक सूर निघाला, चढत गेला आणि स्थिर झाला. डिस्क फिरली. मध्येच वीज तोडलेली, म्हणून यंत्र बराच वेळ आपलं आपण तपासत बसलं, तुटलेले धागे जोडत बसलं. घड्याळ चुकलेलं होतं, ते त्यानं तसंच राहू दिलं. शेवटी पडद्यावर 'माळा' उमटलं, आणि तो गुडघ्यांची पर्वा न करता जिना उतरला. वहिनी त्याच्या मागे.

खालच्या पडद्यावर नवी ओळ आली होती: सर्व्हर ठीक आहे. एवढंच. कुठे होतास, काय करत होतास, असलं काही यंत्र विचारत नाही. अडलेलं काम तिथूनच पुढे सुरू झालं. दादांनी त्या सकाळी आपल्या फायलींची यादी मागितली होती, ती सरसर उमटली: जुनी, जुनीच्या-आधीची, शेवटची, खरंच-शेवटची.

आणि मग यंत्र 'तळ' लिहायला लागलं. तळ, तळ, तळ, तळ. एकापुढे एक, न थांबता, एक ओळ, दुसरी ओळ, अर्धा पडदा भरला तरी चालूच.

"हे काय? बिघडलं का?" वहिनी घाबरल्या.

धाकट्यानं मान हलवली. "नाही. थिजलेलं असताना दाबलेल्या कळा यंत्र पोटात साठवून ठेवतं. एन्टर दाबलं की ते एकदा आपलं नाव सांगतं. दादांनी नुसतं एन्टर दाबलेलं आहे."

"हो, रोज दाबायचे. सकाळी चहा झाला की एकदा, संध्याकाळी दिवा लावला की एकदा. म्हणायचे, बघू या आला का." वहिनी पडद्याकडे बघत होत्या. "शेवटी शेवटी तर ते दाबलं की टुक करून वाजायचं."

"वाजायचं?"

"हो, आधी वाजत नव्हतं. मी विचारलं तर हसले. म्हणाले, पोट भरलं त्याचं."

धाकटा दादांच्या खुर्चीत बसला. पोट भरलं, म्हणजे साठवायची जागा संपली. त्यानंतर दाबलेली एकही कळ यंत्र ठेवत नाही. 'टुक' करतं आणि फेकून देतं. हे दादांना पक्कं ठाऊक होतं, सबंध कचेरीला त्यांनीच शिकवलेलं. आता दाबून काही उपयोग नाही, हे कळूनही ते सकाळ-संध्याकाळ या खुर्चीत येऊन दाबत राहिले होते.

पडद्यावरची अक्षरं थांबली. शेवटच्या 'तळ'पुढे कर्सर लुकलुकायला लागला, पुढच्या हुकमाची वाट बघत.

"मुलगी उद्या येईल," वहिनी हळूच म्हणाल्या. "तुम्हाला ठेवायचं असेल तर वर घेऊन जा."

"नको," धाकटा म्हणाला. "बंद करतो. पण नीट करतो. तुम्ही इथेच बसा, वहिनी."

तो वर गेला. रूट म्हणून शिरला. सगळ्या वापरकर्त्यांना निरोप टाकायचा हुकूम त्याच्या बोटांत जन्मभराचा होता, तरी टाइप करताना दोनदा चुकला. सगळे वापरकर्ते म्हणजे एकच, आणि ते अजून आत शिरलेलेच होते. त्यानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: दादा, पाच मिनिटांत बंद करतोय. आवरून घ्या. मी रागावलो होतो.

मग तो हात मांडीवर ठेवून बसला. केबलीतून निरोप खाली गेला असणार.

"भाऊजी!" खालून वहिनींची हाक आली. "पडद्यावर काहीतरी आलंय. मी काय करू?"

"वाचा फक्त," तो ओरडला. "आणि एकदा एन्टर दाबा."

या वेळी खाली 'टुक' वाजलं नाही. धाकटा पाचही मिनिटं जिन्याकडे कान लावून बसला होता.